दिवे घाट, बाबांची स्प्लेंडर आणि मोटरचा हिशोब

जुनी बाईक इलेक्ट्रिक करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मोटर किती वॉटची घेऊ?" दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होतो. प्रश्नच चुकला होता.

बाबांची स्प्लेंडर आहे. इंजिन दोनदा उघडून झालंय, पण विकायचं नाव काढलं की ते विषय बदलतात. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. ऑनलाइन एक हब मोटर दिसली, म्हणजे मागच्या चाकातच बसलेली मोटर. वर लिहिलेलं '2000 वॉट'. चेन नको, गिअर नको, चाक बदललं की झालं. घेतली. हडपसरच्या सपाट रस्त्यावर मस्त पळाली. मग एका रविवारी बाबांना मागे बसवून सासवडला निघालो. दिवे घाटात अर्ध्यावर जळकट वास आला आणि गाडी थांबली. बाबा काही बोलले नाहीत. उतरले आणि ढकलायला लागले. वय 61. मला तेव्हा ओरडा खाल्लेला परवडला असता.

जो हिशोब आधी करायचा तो मग घरी येऊन केला. गाडी, बॅटरी आणि आम्ही दोघं मिळून 260 किलो. चढ 10 टक्के धरला, म्हणजे 100 मीटर पुढे गेलं की 10 मीटर वर. नुसत्या चढासाठी साधारण 255 न्यूटन जोर लागतो. टायर आणि वारा धरून 320. ताशी 30 किलोमीटरने चढायचं तर चाकावर जवळपास 2.7 किलोवॉट हवेत. सपाटीवर ताशी 50 ला दीड किलोवॉटमध्ये भागतं, म्हणून हडपसरला सगळं छान वाटलं. शिवाय ते 2000 वॉट 'पीक' होते, म्हणजे थोडा वेळच मिळणारे. सतत किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पण खरी मेख टॉर्कमध्ये आहे. चाकाची त्रिज्या साधारण 30 सेंटिमीटर, म्हणजे चाकावर 96 न्यूटन-मीटर टॉर्क हवा. माझी हब मोटर चाकाबरोबरच फिरणारी, मध्ये गिअर नाही. सगळा टॉर्क तिनेच द्यायचा, तोही मिनिटाला जेमतेम 265 फेऱ्यांवर. टॉर्क येतो करंटमधून, आणि वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दुप्पट, उष्णता चौपट. त्यात हब म्हणजे बंद डबा. वास कसला होता ते कळलं ना?

आता मोटर इंजिनच्या जागी बसवली आणि चेनने पाचास एक रिडक्शन दिलं, तर मोटरला 20 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. ती फिरते पाचपट वेगाने, ताशी 50 ला मिनिटाला सुमारे 2200 फेऱ्या. मोटरला हे सोपं जातं. त्रास आपल्याला: लेथवाल्याकडून प्लेट करून घ्या, स्प्रॉकेट एका रेषेत आणा. आणि 72 व्होल्टच्या बॅटरीतून घाटात 45 अँपिअरच्या आसपास सतत ओढले जातात, तेवढं कंट्रोलर आणि बीएमएसलाही झेपायला हवं.

हब वाईट नाही हं. सपाट गावात एकट्याने फिरायचं असेल तर बिनधास्त घ्या.

एक कबुली राहिली. ती गाडी मी आरसीवर नोंद न करता रस्त्यावर काढली होती, तसं करू नका. मान्यताप्राप्त किट घ्यावं लागतं आणि आरटीओत नोंद करावी लागते. मोटर किटबरोबरच येते, म्हणून दुकानात वॉट विचारू नका; सतत मिळणारा टॉर्क किती आणि रिडक्शन किती, ते विचारा. उत्तर नसेल तर उठा.

परवा हा सगळा हिशोब वहीत मांडून बाबांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी 260 वर बोट ठेवलं. "येताना सीताफळाचं क्रेट असतं, ते धरलंयस?"

धरलं नव्हतं. 20 किलो वाढवले की चाकावर आणखी 7 न्यूटन-मीटर.