पुढचे शॉकअप खाली घेताना



शिरोली एमआयडीसीत शिफ्ट सुटली की फाउंड्री आणि मशिनशॉपच्या गेटांतून दुचाकींची रीघ लागते. अलीकडे त्यात उंच, लांब पल्ल्याच्या गाड्याही दिसतात. सुट्टी मिळाली की कुणी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरतो, कुणी आंबा घाटानं रत्नागिरी गाठतो. मी इथल्याच एका मशिनशॉपमध्ये काम करतो. या गाड्यांवरची मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात: "दादा, पाय नीट टेकत नाहीत. गाडी घरीच थोडी खाली घेता येईल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रॉयल एनफिल्डची पहिली हिमालयन २०१६ साली आली, तिची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर होती. २०२३ साली आलेल्या नव्या हिमालयनची ८२५ आहे. २०२० साली आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ८५५. उंची कमी असलेल्या माणसाला सांगली फाट्याच्या गर्दीत, एका बाजूला उतार आणि मागं ट्रक असताना, फक्त बोटांच्या टोकांवर दोनशे किलोची गाडी पेलावी लागते. ती एकदा कलली की सावरत नाही. तेव्हा त्यांची मागणी रास्तच आहे. फक्त ती पुरी करायची रीत नीट समजून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट, नुसतं पुढून खाली घेतल्यानं सीट फारशी उतरत नाही. सीट मागच्या चाकाला जवळ असते. पुढचा भाग १० मिलिमीटर खाली आला तर सीट तीन-चार मिलिमीटरच उतरते. सीट खरी उतरते ती मागच्या बाजूनं, किंवा सीटच बदलून. नव्या हिमालयनला कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळते, ती ८०५ पर्यंत आणते. म्हणून आधी सीट पाहा आणि जाड तळाचे बूट घालून पाहा. एवढ्यानं भागलं तर पाना हातात घ्यायचं कारणच उरत नाही.

मग पुढचे शॉकअप कशासाठी हलवायचे? मागून गाडी खाली घेतली असेल तर तोल पुन्हा जुळवण्यासाठी. हँडलच्या दांड्याची रेषा सरळ जमिनीपर्यंत ओढली, तर ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढं टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात आणि गाडीला सरळ ठेवण्याचं काम तेच करतं. मागून गाडी बसली की ट्रेल वाढतो, हँडल जड होतं आणि वळणात गाडी बाहेर ओढते. पुढून बसली की ट्रेल घटतो, गाडी चटकन वळते, पण महामार्गावर वेगात अस्थिर होऊ शकते. पहिल्या हिमालयनच्या दोन चाकांत १४६५ मिलिमीटर अंतर आहे. तिथं पुढून १० मिलिमीटर उतरवले तर दांड्याचा कोन अर्ध्या अंशाहून थोडा कमी बदलतो आणि ट्रेल दोन-तीन मिलिमीटरनं घटतो. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. पण घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी पुढून आणखी बसते आणि ट्रेल आणखी घटतो. म्हणून एका वेळी पाच मिलिमीटरच्या पुढं जाऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. पुढच्या शॉकअपचे दांडे वरच्या प्लेटमध्ये आणि खालच्या टीमध्ये बोल्टांनी आवळलेले असतात. ते बोल्ट सैल करून दांडे वर सरकवले की गाडीचं तोंड खाली येतं. कापणं नाही, वेल्डिंग नाही, आणि मन बदललं तर गाडी पुन्हा मूळ मापावर नेता येते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासे होतील असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळं चेसिसला हात लावायचा विचारही नको.

गाडी सपाट, टणक फरशीवर डबल स्टँडला लावा. इंजिनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या. डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँडशिवाय कामाला सुरुवात करू नका. मग व्हर्नियर घ्या. वरच्या प्लेटच्या वर दांडा किती डोकावतो ते दोन्ही बाजूंना मोजा आणि वहीत लिहून ठेवा. हे मूळ माप आहे, परतीची वाट तेच दाखवतं.

बोल्ट सोडण्याआधी आणखी एक तपासणी करा, ती बहुतेक जण करत नाहीत. चाक अधांतरी असताना पुढचा टायर किंवा त्यावरचं मडगार्ड आणि त्यांच्या वरचा खालच्या टीचा किंवा रेडिएटरचा भाग, यांतलं कमीत कमी अंतर मोजा. शॉकअपची पूर्ण चाल पुस्तिकेत दिलेली असते, हिमालयनची २०० मिलिमीटर आहे. दांडे जेवढे वर सरकवाल तेवढंच हे अंतर कमी होणार. उरलेलं अंतर पूर्ण चालीपेक्षा जास्त राहिलंच पाहिजे. नाहीतर मोठ्या खड्ड्यात चाक वर येऊन आदळेल, आणि आदळेल त्या क्षणी हँडल तुमच्या हातात राहणार नाही.

हिशेब बसला, तरच पुढं. वरचे बोल्ट आधी सैल करा, मग खालचे, एका वेळी एकाच बाजूचे. कोनसेटच्या मधल्या मोठ्या नटाला हात लावू नका. दोन्ही दांडे एकाच मापावर आणा. एक दांडा मिलिमीटरभरही वर राहिला तर चाकाचा एक्सल तिरका बसतो. टॉर्क पान्यानं, पुस्तिकेतल्या मापानं, बोल्ट पूर्ण आवळून मगच एक्सलचा क्लॅम्प सैल करा, गाडी स्टँडवरून उतरवून पुढचा ब्रेक दाबून शॉकअप काही वेळा दाबा, म्हणजे दांडे आपल्या जागी बसतील. मग एक्सलचा क्लॅम्पही तसाच मापानं आवळा. नव्या उलट्या शॉकअपमध्ये टीमध्ये बाहेरची नळी धरलेली असते. ती गरजेपेक्षा जास्त आवळली तर दबते आणि आतला दांडा अडकू लागतो. इथं ताकदीपेक्षा माप महत्त्वाचं.

हँडल दोन्ही टोकांना फिरवून पाहा. ब्रेकचा पाइप, क्लचची केबल कुठं ताणली जात नाही ना, दांड्यांची टोकं हँडलला लागत नाहीत ना, हे बघा. हेडलाइटचा झोत बदलतो, तो पुन्हा लावून घ्या. मागूनही गाडी खाली घेतली असेल, तर साइड स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्यानं पडते. त्याचाही बंदोबस्त करा. हे सगळं प्रवासाचं सामान लावून आणि मागं माणूस बसवून पुन्हा तपासा, कारण भरल्या गाडीची शेपटी बसते आणि तोंड वर येतं.

मागून गाडी खाली घेण्यासाठी शॉकअपच्या लिंकची पट्टी बदलतात, तिच्याबद्दल एक कळकळीची विनंती. शिरोलीत प्लेट कापून देणारा मित्र प्रत्येकाचा असतो. पण लिंकची लांबी दोन-तीन मिलिमीटरनं बदलली तरी मागच्या चाकापाशी तो फरक कित्येक पटीनं होतो, आणि त्या पट्टीवर तुमचं सारं वजन असतं. कोणत्या प्रतीचं पोलाद आहे ते माहीत नसेल तर ती पट्टी बसवू नका. बिडाची तर मुळीच नको. बीड दाब पेलतं, पण धक्क्यानं आणि ताणानं तडकतं, हे आपल्या फाउंड्रीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच. शिरोलीतला कामगार कारखान्यात ड्रॉइंगशिवाय जॉबला हात लावत नाही, मिलिमीटरचा शंभरावा भागही सोडत नाही. तोच माणूस घरी स्वतःच्या गाडीवर मात्र अंदाजानं पाना फिरवतो. त्या गाडीवर त्याचा मुलगा, त्याची बहीण, त्याची बायको बसणार असते. गिऱ्हाइकाच्या जॉबला आपण जी शिस्त लावतो, ती घरच्यांच्या जिवाला का नको? कारखान्यात जॉब बनवणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो. तुमच्या अंगणातही तेच करा. सगळे बोल्ट आवळून झाले की शेजारच्या जाणकाराला बोलवा, त्याच्या हातात टॉर्क पाना आणि तुमची वही द्या, आणि त्यानं प्रत्येक बोल्ट, प्रत्येक माप तपासल्याशिवाय चावी फिरवू नका.