गोंगाटातून संकेत

रायपूरला लागून असलेल्या बीरगावाशेजारी उरला औद्योगिक क्षेत्रातले कारखाने आहेत. अशा परिसरात मोजमाप यंत्रांच्या तारांत विजेची गुणगुण सहज मिसळते. मग खरा संकेत कसा ओळखायचा?

फ्रेंच गणिती फूरिए यांनी 1822 साली मांडलेली पद्धत इथे कामी येते. गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत सुटी करायची आणि कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे, ते पाहायचे. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने तिची गुणगुण आलेखात 50, 100, 150 हर्ट्झवर टोकदार सुळक्यांसारखी दिसते. तेवढाच भाग फिल्टरने कापला, की उरलेला संकेत स्पष्ट होतो. ईसीजी यंत्रातही असा फिल्टर असतो.

नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या अवकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. तिथे ठरावीक वारंवारतेचा व्यत्यय असा वगळता येतो. वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा गोंगाट मात्र सगळ्या वारंवारतांवर पसरतो. तो क्षणिक झटक्यांत येत असल्याने वेळेवरून पकडावा लागतो.

म्हणून आधी व्यत्ययाचा स्वभाव ओळखावा, मगच फिल्टर निवडावा.