झाडू कोणाच्या हाती?

(शिक्षक मेळाव्यात एका छात्राध्यापिकेने केलेले भाषण)



अध्यापक विद्यालयात शिकत असताना मला जपानला जाण्याचा योग आला. तोवर विमान मी शेताच्या बांधावरूनच पाहिले होते. मुंबईहून उड्डाण होताना भीतीने मुठी आवळल्या गेल्या. उतरल्यावर घड्याळ साडेतीन तास पुढे केले.

परंतु खरा धक्का तेथील प्राथमिक शाळेत बसला. दुपारी मुलेच वर्गसोबत्यांना जेवण वाढत होती. नंतर मुलामुलींनी मिळून वर्ग झाडला, ओल्या फडक्याने जमीन पुसली. शिक्षकही त्यांत होते. प्रथम वाटले, यात नवल ते काय? आमच्या शाळेतही झाडलोट विद्यार्थीच करीत. मग आठवले, झाडू नेहमी आम्हा मुलींच्याच हाती असे. मुलगे मैदानावर असत. आणि ही तर गाडगे महाराजांच्या खराट्याची भूमी!

परतल्यावर सराव पाठांच्या शाळेत मी स्वच्छतेचा तक्ता लावला. त्यात मुलगे व मुली दोन्ही होते. पहिले नाव माझे होते. एका पालकांनी हरकत घेतली. तक्ता मात्र मी काढला नाही.

आपणही ग्रामसभेत एवढेच विचारावे: आपल्या शाळेत झाडू कोणाच्या हाती आहे?