बाळंतिणीचे मन आणि लपवलेली गोळी

(लासूर स्टेशन येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मातृत्वाचा गौरव करण्यात आपला समाज कधीच मागे राहिलेला नाही. डोहाळजेवणापासून बारशापर्यंत प्रत्येक टप्प्याला संस्काराची जोड आहे. गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींमध्ये चरकाचार्यांनी मनाच्या प्रसन्नतेला श्रेष्ठ स्थान दिले. मात्र गौरव करणे आणि काळजी घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, शेकशेगडी हे सारे वेळेवर मिळते. तिला झोप लागते का, तिच्या मनात काय चालले आहे, हे विचारणारे घर मात्र विरळाच.

भारतातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्याकडे सुमारे २२ टक्के मातांना प्रसूतीनंतर नैराश्य येते. म्हणजे पाच बाळंतिणींमागे साधारण एक. हा आकडा एखाद्या दूरच्या महानगराचा समजून सोडून देता येणार नाही.

प्रसूतीनंतरच्या मानसिक त्रासाचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक मातांच्या वाट्याला येते. विश्रांती व धीर मिळाला की दोन आठवड्यांत ते ओसरते. उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपले तरी आईला झोप येईना, ‘मी चांगली आई नाही’ असे ती वारंवार म्हणू लागली, तर ते नैराश्य समजावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. तिसरा प्रकार हजारात एक-दोन मातांनाच होतो, पण तो सर्वांत भयंकर. पहिल्या पंधरवड्यातच झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, भास होतात, बाळाविषयी विपरीत शंका येऊ लागतात. ‘बाहेरचे लागले’ असे म्हणून अंगारे-धुपाऱ्यात दोन दिवस घालवणे म्हणजे आई आणि बाळ दोघांचे प्राण पणाला लावणे होय. अशा मातेला व बाळाला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

आता औषधांचा प्रश्न. दिवस राहिल्याचे कळताच मानसिक आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करण्याची रीत अनेक घरांत दिसते. पोटातल्या जिवाला अपाय होऊ नये, हा त्यामागचा हेतू शुद्धच असतो. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आजार आहे. आजार उलटला तर गर्भवती जेवत नाही, झोपत नाही, तपासणीला जात नाही. क्वचित ती स्वतःच्या जिवावरही उठते. उपचाराविना राहिलेल्या आजाराची झळ गर्भालाही लागते.

सगळी औषधे एकाच मापाने मोजता येत नाहीत. सोडियम व्हॅलप्रोएट हे अपस्मार व द्विध्रुवीय आजारावरचे औषध गर्भात व्यंग निर्माण करू शकते. सुमारे १० टक्के बाळांत असे व्यंग आढळते, शिवाय बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. म्हणून त्याचा पर्याय दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवा. लिथियम चालू असेल तर रक्तातील त्याचे प्रमाण वारंवार तपासावे लागते. याउलट नैराश्यावरील सर्ट्रालिनचा गर्भवतींमधील अनुभव मोठा आहे आणि ते आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते. सौम्य नैराश्यात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. निर्णय प्रत्येकीचा वेगळा असतो, पण तो डॉक्टरांसमोर बसूनच घ्यायचा असतो. गोळी एकाएकी थांबवणे हा त्यांतला सर्वांत धोक्याचा मार्ग होय.

या धोक्याचे मूळ पुष्कळदा विवाहाच्या बोलणीतच असते. स्थळ मोडेल या भीतीने मुलीचा आजार लपवला जातो. सासरी ती चोरून गोळी घेते आणि दिवस राहिले की तीही सोडते. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत. रेल्वेने किंवा एस.टी.ने लेक माहेरी येते, पण औषधाची चिठ्ठी सासरच्या कपाटातच राहते. इथल्या प्रसूतितज्ज्ञांना आजार ठाऊक नाही, तिथल्या मनोविकारतज्ज्ञांना प्रसूतीची तारीख ठाऊक नाही. दोन घरांच्या प्रतिष्ठेत एका मुलीचा उपचार हरवतो. विश्वास हा कुटुंबसंस्थेचा पाया मानणाऱ्या समाजाला ही लपवाछपवी शोभत नाही.

मनोरुग्णालय हा शब्द उच्चारला की माणसे दचकतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील राज्याची चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. परंतु बहुतेक मातांना तेथे जाण्याची गरजच नसते. लासूर स्टेशनहून पोटूळ, दौलताबाद ओलांडले की छत्रपती संभाजीनगर. तेथील ‘घाटी’ रुग्णालयात प्रसूती विभाग आणि मनोविकार विभाग दोन्ही आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर घरबसल्या सल्ला मिळतो. भरती करावे लागले तर मूल हिरावले जाईल, ही भीतीही अनाठायी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, उपचार घेणाऱ्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील बाळाला सामान्यतः वेगळे करता येत नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २००९ पासून माता व बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्षच चालवला आहे.

मग घराने काय करावे? लेक माहेरी निघताना औषधांचे सर्व कागद सोबत द्यावेत. गर्भवतींसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत विशेष तपासणी होते, तेथे मनाचा त्रासही मोकळेपणाने सांगावा. रात्री एका वेळी सलग चार-पाच तास बाळंतिणीला झोप मिळावी, यासाठी सासू, आई आणि पती यांनी पाळी वाटून घ्यावी. आशा कार्यकर्ती बाळाच्या पाहणीसाठी ४२ व्या दिवसापर्यंत घरी येत राहते. तिच्या प्रत्येक भेटीत एक प्रश्न बाळाच्या आईविषयीही विचारला जावा. आपल्या कार्यकर्त्या भगिनी वस्तीवस्तीत जातातच. बारशाला पाळण्यात डोकावल्यावर त्यांनी घटकाभर बाळंतिणीजवळ बसावे, तिला बोलते करावे आणि गरज दिसल्यास तिच्यासोबत रुग्णालयाची पायरी चढावी. एवढे झाले तरी अनेक घरांतले अरिष्ट टळेल.