मुलांचा व्यवसाय कोण निवडतो?



दहावीचा निकाल लागला की आपल्या मिरजगावात सल्ल्यांना तोटा नसतो. 'मामूंचे गॅरेज आहेच, तिथे बसवा,' असे मुलाबद्दल; मुलीची चर्चा तर नगरच्या एस.टी.पाशीच थांबते. राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आहे. पण ज्याच्यापुढे एकच वाट ठेवली, त्याने निवडले काय? (गॅरेजच्या कामाला मी कमी लेखत नाही. ते आवडीने पत्करले तर उत्तमच.)

जालना जिल्ह्यातील शेलगावचे अन्सार शेख तुम्हाला ठाऊक असतील. वडील रिक्षा चालवीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2015 च्या परीक्षेत ते पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या 21 व्या वर्षी यशस्वी झाले. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान अवघे 3 टक्के आढळले होते. तेव्हा या यशाचा आनंद व्हायलाच हवा. पण त्यांच्या धाकट्या भावाने सातवीत शाळा सोडून गॅरेजात काम केले आणि घराला हातभार लावला, हे आपण ओझरतेच सांगतो. एका भावाच्या निवडीची किंमत दुसऱ्याने का मोजावी? ती समाजाने मोजली, तर त्याला न्याय म्हणता येईल.

म्हणून पालकांनो, मार्गदर्शनाला येताना फक्त हुशार मुलाला आणू नका. शाळा सुटलेल्यालाही आणा. 17 नंबरचा अर्ज भरून त्याला खाजगीरीत्या दहावीला बसता येते. आणि मुलीला काय व्हायचे आहे, हे तिलाच सांगू द्या. तोवर अब्बांनी गप्प बसावे.