वळताना गाडी काय सांगते?



गिरगावातल्या खोताच्या वाडीत ज्यांचे जाणे झाले असेल, त्यांना तिथल्या बोळांची कल्पना असेल. दोन्ही अंगांना लाकडी जिन्याव्हरांड्यांची जुनी घरे आणि मधून जेमतेम वाट. वाडीच्या तोंडाशी मोटार काढायची म्हणजे स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणे आलेच. गाडी सावकाश चालते, भिंती जवळ असतात. त्यामुळे मोठ्या रस्त्यावर वाऱ्यात विरून जाणारा बारीक आवाजही इथे भिंतीवर आपटून कानाशी परत येतो.

आता गणपतीच्या आदल्या दिवसाची पहाट डोळ्यांपुढे आणा. सामान भरले, मुले बसली, कोकणात निघायचे. गाडी वळवताना चाकापाशी ‘टक्-टक्-टक्’ वाजले. सरळ रस्त्याला लागताच आवाज बंद. मागून कुणीतरी म्हणते, “थांबला ना? मग चला आता!” पण थांबला तो आवाज, दोष गाडीतच आहे. आणि पुढे तर घाट आहे, वळणामागून वळण! मग निघावे की न निघावे?

हे ठरवायला फार विद्या लागत नाही, कान लागतो. शिक्षक मंडळींनी कवायतीची रांग वळताना पाहिलीच आहे. आतला मुलगा जागच्या जागी पावले टाकतो, बाहेरच्याला धावावे लागते. गाडीच्या चाकांचेही तसेच. शिवाय एस.टी. उजवीकडे वळली की आपण डावीकडे कलंडतो. तसा गाडीचा भारही बाहेरच्या चाकांवर जातो. म्हणून सरळ चालताना गप्प बसलेला दुखरा भाग वळताना बोलू लागतो.

मुंबईची ती काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवते ना? २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर ती निवृत्त झाली. तिच्यात इंजिनाचे बळ मागच्या चाकांना मिळे. पुढची चाके फक्त दिशा देत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिची पुढचीच चाके वळत आणि तीच गाडी ओढीत. आजच्या बहुतेक लहान गाड्यांची हीच रीत आहे. चाक वळलेले असतानाही त्याला बळ पोचावे म्हणून आसाला एक सांधा असतो. गॅरेजात त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. आत पोलादी गोळ्या, भोवती ग्रीस आणि वर रबरी बूट. हे बूट फाटले की ग्रीस उडून जाते, धूळ-पाणी आत शिरते, गोळ्यांच्या खाचा झिजतात आणि मग ‘टक्-टक्’ सुरू होते. आवाज यायच्या आधीच फाटलेले बूट दिसले, तर नवे बूट आणि नवे ग्रीस यावर बहुधा भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र सांधाच बदलावा लागतो.

परीक्षा अशी करा. मोकळे मैदान पाहा, काचा खाली करा, आणि रेडिओ बंद ठेवा. रेडिओवरून हे सांगताना जरा जड जाते, पण इलाज नाही! स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश एक फेरा डावीकडे घ्या, एक उजवीकडे. वेगाबरोबर टकटक वाढली तर त्या सांध्यावर संशय घ्या. डाव्या फेऱ्यात वाजले तर बहुधा उजवा सांधा, उजव्यात वाजले तर डावा. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की खात्री पटते.

गाडी उभी, इंजिन चालू, आणि स्टिअरिंग फिरवताना कण्हल्यासारखा आवाज आला, तर स्टिअरिंगचे तेल पाहा. कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घाला; पण ते गेले कुठे, ती गळतीही शोधा. नव्या पुष्कळ गाड्यांत हे काम विजेची मोटार करते. तिथे तेलच नसते.

रस्त्यावर घूं-घूं असा आवाज असेल आणि उजवीकडे वळताना तो वाढत असेल, तर डाव्या चाकाचे बेअरिंग तपासायला सांगा. घासल्याचा आवाज आला तर आधी घाबरू नका. मडगार्डचे सुटलेले प्लास्टिक टायरला लागत असेल, किंवा ब्रेकच्या पत्र्यात खडा अडकला असेल.

खरी धास्ती ‘खट्’ अशा एकाच दणक्याची. तो बॉल जॉइंटचा किंवा टायरॉडच्या टोकाचा असू शकतो. हे सांधे सुटले तर चाक चालकाचे ऐकत नाही. स्टिअरिंग सैल वाटत असेल आणि असा दणका येत असेल, तर गाडी जागची हलवू नका. मिस्त्रीला तिथेच बोलवा. टायरॉडचे टोक बदलले तर चाकांचे अलाइनमेंटही करून घ्या. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

गॅरेजात गेल्यावर पुष्कळांची एक चूक होते. आपण भागाचे नाव सांगतो, “बेअरिंग गेलंय, बदला.” मिस्त्री बदलतो, पैसे जातात, आवाज राहतो. भागाचे नाव सांगू नका, आवाज सांगा. कसला, केव्हा, कोणत्या बाजूला वळताना, आणि किती वेगात. या चार उत्तरांत निम्मे काम होते. शक्य तर मिस्त्रीला शेजारी बसवून तो आवाज ऐकवा.

तेव्हा त्या पहाटे काय करावे? बॅटरी घेऊन खाली उतरा, चाकामागे उजेड टाका. बूट फाटलेले दिसले तर ती गाडी घाटात नेऊ नका. टकटकणारा सांधा कदाचित महिनाभर चालेल, कदाचित पुढच्याच चढावर तुटेल. त्याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. घरच्यांची नाराजी सोसा, एस.टी. किंवा रेल्वे पाहा. गणपती एक दिवस उशिरा भेटलेल्यावर रागावत नाही.