सैन्याच्या मागून चालणारी माणसं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘एआय आणि आपली मुलं’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. विषय मी भांडून बदलून घेतला. एआयबद्दल तुमची मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील, आणि फुकट सांगतील.

मला युद्धाबद्दल बोलायचं आहे. मे २०२५ मधले ते चार दिवस आठवा. ७ तारखेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, १० तारखेला गोळीबार थांबला. तेवढ्या वेळात आपल्या बॅचच्या ग्रुपवर मेसेजचा पूर आला होता. नकाशे, व्हिडिओ, ‘आता थांबायचं नाही’. आपल्यातला एकजण तेव्हा जम्मूच्या बाजूला ड्यूटीवर होता. त्याचा एकही मेसेज नव्हता. ११ तारखेला आला: ‘सगळे ठीक. आईला सांगा.’ आईला सांगायला भर उन्हात कोण गेली होती, तिचं नाव घेत नाही. ती समोरच बसली आहे.

तेव्हापासून डोक्यात एक गोष्ट घोळते आहे. लढाई म्हटलं की आपण सैन्याच्या पुढच्या रांगेकडे बघतो. मागच्या रांगेत कोण असतं? आपण राहतो तो मुलूख तर या प्रश्नाचं पुस्तकच आहे. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी आणि पूर्णा. उत्तरेतून दख्खनमध्ये उतरायचं तर सातपुड्यातली सोयीची वाट असीरगडाखालून बऱ्हाणपूरला येते. त्यामुळे ज्याला दख्खन हवी होती, तो आपल्या दारावरून गेला.

अकबराने असीरगड घेतला तो जानेवारी १६०१ मध्ये. त्या काळातली नवी करामत म्हणजे तोफ; पण गड तोफेने पडला नाही. मोगल इतिहासकार म्हणतात, गडावर रोगराई पसरली. जेझुइट पाद्री म्हणतात, आतल्यांना पैसे चारले. खरं काहीही असो, भिंत शाबूत राहिली आणि आतली माणसं हरली. अकबराने मुलगा दानियाल याच्या नावावरून खानदेशचं ‘दानदेश’ केलं. ते नाव टिकलं नाही. भरीत मात्र टिकलं.

मला त्यापेक्षा १८०३ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असई, पलीकडे भोकरदनच्या बाजूला. ऑक्टोबरमध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडचं अडगाव. दोन महिन्यांत इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांचं कंबरडं मोडलं. शाळेत आपण एवढंच शिकलो. पण वेलस्लीच्या फौजेला रोज धान्य लागत होतं, आणि ते आणत होते बंजारा तांडे. हजारो बैल, पाठीवर गोण्या, बरोबर बायकापोरं. मोगलांनाही त्यांनीच धान्य पुरवलं होतं, मराठ्यांनाही. बंजाऱ्यांना कुणी सहसा हात लावत नसे, कारण उद्या आपल्यालाही तोच लागणार हे प्रत्येक सेनापतीला माहीत होतं. माझ्या भाषेत सांगायचं तर तो त्या काळचा सर्व्हर होता. तो बंद पडला की पुढचा पडदा काळा.

पुढे शांतता झाली, पक्के रस्ते झाले, आगगाडी आली आणि बैलांच्या पाठीवरचा हा धंदा बसला. ज्यांच्याशिवाय फौज हलत नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांना इंग्रज सरकारने नंतर गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. आपल्या जिल्ह्यातले तांडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते तिथे कसे स्थिरावले, त्यात या लढायांचा मोठा भाग आहे. आपल्या क्रमिक पुस्तकात त्यावर एक ओळ नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि ज्यांनी कुणाचीच बाजू घेतली नव्हती, त्यांचं काय? १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला, आणि मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. उभं पीक घोड्यांनी खाल्लं, बी-बियाणं लुटलं गेलं, मग पावसाला एकट्याला दोष कसा द्यायचा? १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला तेव्हा या भागात कितीतरी गावं ओस होती. भिल्ल पूर्वी गावाची राखण करायचे, घाट सांभाळायचे, त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले होते. गावंच उठली तर हक्क कोण देणार? ते डोंगरात गेले. त्यांना ‘लुटारू’ म्हणणारे कागद भरपूर सापडतात. त्यांचे हक्क कुणी बुडवले, ते सांगणारे कमी.

इंग्रजांनी आधी डोंगरात पलटणी पाठवल्या. तापाने शिपाई मेले, हाती फारसं लागलं नाही. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल कोअर. म्हणजे डोंगरातल्या भिल्लाला पकडायला पगारी भिल्ल. पुढे १८५७ च्या उठावात सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईक इंग्रजांवर उलटला, आणि ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला सातपुड्यात लढाई झाली. भिल्ल स्त्रियाही मोठ्या संख्येने पकडल्या गेल्या.

कधी कधी तर लढाई आपल्या गावात व्हावीही लागत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडीही आली. जळगावची बाजारपेठ त्या दिवसांत फुगली. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव कोसळले. व्हर्जिनियात शरणागती होते आणि खानदेशातला शेतकरी कर्जात जातो! कापसाच्या भावासाठी परदेशाकडे बघत बसणं तेव्हा सुरू झालं. ज्यांच्या घरी आजही कापूस आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

आता माझ्या घरचं सांगते. माझे वडील वरणगावच्या फॅक्टरीत होते. भुसावळची फॅक्टरी १९४९ ची, वरणगावची चीनच्या युद्धानंतरची, १९६४ ची. तिथे काडतुसं बनतात. आपल्यातल्या अनेकांचे वडील, काका तिथे होते. पाळीप्रमाणे डबे भरणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. १९९९ चा उन्हाळा आठवतो? आपली बारावी झाली होती आणि कारगिल सुरू होतं. वडिलांना खूप ओव्हरटाइम होता. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्या ओव्हरटाइममधून भरली गेली. त्या युद्धात आपले ५२७ जवान गेले. हे दोन आकडे, फीचा आणि हा, मला कधी वेगवेगळे करता आले नाहीत. वडिलांना मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. गेल्या दिवाळीत बोलले.

कारण तसंच होतं. माझ्या कंपनीत ड्रोनच्या कॅमेऱ्यातून दिसणारी वस्तू ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम आलं आहे, संरक्षण खात्यासाठी. त्या टीममध्ये येणार का, असं मला विचारलं गेलं. तसा आमचा धंदा जन्मापासूनच या घरातला आहे. एनिअ‍ॅक नावाचा अमेरिकन संगणक १९४५ मध्ये तयार झाला, तो तोफांच्या माऱ्याची कोष्टकं काढण्यासाठी. आणि त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहाजणी बायका होत्या. म्हणजे मागची रांग आता पुण्यात एसीत बसते, एवढाच फरक.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे लॉट थांबवायचा अधिकार कोणाला असतो?” त्यांच्याकडे तपासणीत नमुन्याची काडतुसं नापास झाली की अख्खा लॉट अडायचा, वरून कितीही घाई असली तरी. “तुझ्या मशीनने माणूस चुकीचा ओळखला, तर कोण अडवणार? ते आधी लिहून घे, मग हो म्हण.”

मी कंपनीला तोच प्रश्न लेखी विचारला आहे. उत्तर यायचं आहे.

माझा वेळ संपला, सर घड्याळ दाखवत आहेत. सवय जुनीच आहे त्यांची. उद्या असीरगडला येणाऱ्यांनी सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी यावं. गडावर चढण आहे, पाणी आपापलं आणावं. डब्याचं भुसावळच्या मैत्रिणींनी अंगावर घेतलं आहे.